तेविसाव्या डिस्कमधली रिकामी ओळ

रविवार, तीस नोव्हेंबर. दुपारी सव्वातीन. डिस्क एकूण तेवीस. जिग्नेशभाईंनी सांगितलेली रक्कम दोन हजार सहाशे साठ रुपये. हजर: सुनंदा वहिनी, जिग्नेशभाई आणि मी. तुझ्या घरात डिस्कची मोजणी झाली आणि तू नव्हतास, असं पहिल्यांदाच झालं. तुला जाऊन त्या दिवशी वीस दिवस झाले होते, अव्या.

तुझ्याबद्दल जे सांगायचं ते सगळ्यांनी तेराव्याला सांगून टाकलं. ऑफिसातले बोलले, तुझे मामा बोलले, आपल्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा दोन मिनिटं बोलले. मी गप्प बसलो. आपलं जे होतं ते लोकांसमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. दोन सत्तेचाळीस वर्षांची माणसं दर रविवारी बांगड्याचं जेवण करून दोन ते साडेचार टीव्हीसमोर बसतात आणि लोकांनी शिव्या घालून टाकून दिलेले गेम शेवटपर्यंत खेळतात, हे कुणाला काय समजावणार?

वाईट गेम घ्यायचे ही मूळ कल्पना माझी, हे मान्य करतो. हिशेब साधा होता. नवा गेम बाजारात येतो तेव्हा चार हजाराला असतो. लोकांना आवडला तर वर्षभर भाव उतरत नाही. पण नाही आवडला, तर चार महिन्यांत बोरिवलीला जिग्नेशभाईंच्या त्या चिंचोळ्या दुकानात तो सातशेला मिळतो. मी तुला हे कागदावर मांडून दाखवलं. तू कागदाकडे न बघता म्हणालास, "म्हणजे लोकांची वाट लागली की आपली दिवाळी." तेव्हापासून आपण निम्मे-निम्मे पैसे घालून फक्त नापसंत माल घेत आलो. मशीन तुझ्याकडे, कारण तुझा टीव्ही माझ्यापेक्षा चार इंच मोठा.

नियम मात्र तुझा. गेम संपला की प्रत्येकाने त्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. ती मी चिठ्ठीवर लिहायची, तुझी ओळ वर, माझी खाली, आणि चिठ्ठी डिस्कच्या डबीत. दोन्ही ओळी भरल्याशिवाय डिस्क विकायची नाही. खोटं लिहायचं नाही, ही पुरवणी मी जोडली. तू हसलास आणि म्हणालास, "तू जोडणारच."

परवा जिग्नेशभाई डब्या उघडून डिस्कवर ओरखडे आहेत का बघत होते आणि चिठ्ठ्या वाचून दाखवत होते. तो लढाईचा गेम आठवतो? शत्रूचे सैनिक दारात अडकायचे आणि तिथेच पाय हलवत राहायचे. त्यात माझी ओळ आहे, 'प्रत्येक मजल्याच्या पायऱ्या मोजल्या, सारख्या आहेत.' तुझी ओळ आहे, 'मांजर आहे.' बस, एवढंच. गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम, ज्यात गाडी रस्त्याच्या वीतभर वरून चालायची, त्यात मी पेट्रोलचा काटा बरोबर उतरतो असं लिहिलंय, आणि तू घाटातलं एक वळण. आणि तो शहराचा गेम, ज्याची कंपनीने दोन वर्षं जाहिरात केली होती आणि आला तेव्हा रस्त्यावरच्या माणसांना कधी पाय नसायचे, कधी चेहरे. एका सिग्नलपाशी तीच छत्रीवाली बाई आपल्यासमोरून सात वेळा गेली. मी मोजलं आणि तुला म्हटलं, बघ, यांनी माणसंसुद्धा पुरेशी बनवली नाहीत. तू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालास, "तिला उशीर झालाय यार. जाऊ दे तिला."

त्या चिठ्ठीवर तुझी ओळही तीच आहे, 'छत्रीवाल्या बाईला उशीर झालाय.' जिग्नेशभाई ती वाचून खूप हसले. म्हणाले, "साहेब, चिठ्ठी आत राहू दे. गिऱ्हाईकाला डिस्कपेक्षा हीच आवडेल."

बावीस डब्यांत चिठ्ठ्या पूर्ण होत्या. तेविसाव्या डबीतल्या चिठ्ठीवर फक्त वरची ओळ होती. खालची अकरा वर्षं रिकामी.

क्रिकेटचा तो गेम आपण पूर्ण किमतीला घेतला, आयुष्यात एकदाच. दोन हजार चारशे नव्व्याण्णव. तुला खात्री होती की क्रिकेट आहे म्हणजे वाईट निघणारच नाही. तुझा वाटा बाराशे एकोणपन्नास रुपये पन्नास पैसे. तू बाराशे पन्नास दिलेस आणि म्हणालास, "पन्नास पैसे राहू देत तुझ्याकडे." मी ते लक्षात ठेवले, हे तुला ठाऊक होतंच.

गेम कसा निघाला हे तुला सांगायला नको. पण तुझ्याशी वाद घालायची सवय सुटत नाही, म्हणून माझी बाजू पुन्हा एकदा मांडतो. प्रेक्षकांत एकच माणूस चारशे वेळा बसवलेला. पंच दोन्ही हात वर करून सिक्सर देतो आणि ते हात पुढची तीन षटकं खाली घेत नाही. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण समोरच्या टोकाचा फलंदाज, जो मशीन चालवतं, त्याला अक्कल नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं की तो धावत सुटतो. चेंडू कुठे आहे बघत नाही. फिल्डरच्या हातात असला तरी निघालाच. मी थांबलो, परत फिरलो, तरी तो अर्ध्या खेळपट्टीत. रनआउट. एकेचाळीस सामन्यांत एकशे त्रेसष्ट रनआउट, म्हणजे सामन्याला जवळजवळ चार. हा आकडा मी तुला इतक्या वेळा ऐकवला की शेवटी तूच माझ्या आधी म्हणायचास.

तुझं उत्तरही ठरलेलं होतं. "कॉल तू चुकीचा देतोस आणि मरतो तो बिचारा."

तुझी ओळ तू पहिल्याच महिन्यात लिहून घेतलीस: 'पहिला चेंडू पडायच्या आधी ग्राउंडवर एक कावळा ओरडतो.' खरं आहे, ओरडतो. मी तपासलं. माझी ओळ काही सुचेना. दर दोन-तीन महिन्यांनी तू ती डबी काढायचास, मी चार षटकं खेळायचो, दोन रनआउट व्हायचे आणि मी रिमोट खाली ठेवायचो. तू म्हणायचास, सापडेल रे. मी म्हणायचो, नसलेली वस्तू सापडत नाही. भांडणाचा आवाज कधी कधी एवढा चढायचा की वहिनी आतून विचारायच्या, आज पण क्रिकेट काय?

आपल्या दोघांचं हे असं मुळापासूनच होतं. नववीच्या सुट्टीत आपण निम्मे-निम्मे पैसे घालून बोरिवलीहून व्हिडिओ गेमची ती कॅसेट आणली होती, जिच्यावर '९९९९ गेम' असं छापलं होतं. तुला आनंद झाला. मला शंका आली. तीन दिवस मी यादीतला एकेक आकडा लावून बघितला आणि वहीत लिहिलं. खेळ सातच होते, बाकी सगळी नावं. तोच रणगाडा एकदा 'टँक', एकदा 'वॉर', एकदा नुसता 'किंग'. चारशे बारापर्यंत तपासलं आणि पुढचं सोडून दिलं. ते सोडायला नको होतं असं मला अजून वाटतं.

मी म्हटलं, दुकानदाराला जाब विचारू. तू म्हणालास, सात तर आहेत ना, सात काय कमी आहेत? मी चपला घातल्या. जिन्यावरून वळून बघितलं तर तू माझ्या मागे. दहिसरहून बोरिवली चालत गेलो, बसचे पैसे वाचवून. दुकानदाराने माझी वही हातातसुद्धा घेतली नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने आपल्याला पायरीवरून ढकललं आणि त्या गडबडीत तुझी एक चप्पल गटारात गेली. परत येताना डांबर तापलेलं. तू लंगडी घालत सावल्यांवरून उड्या मारत चालला होतास. मला वाटलं, आता हा चिडेल. दहिसरचा चेक नाका जवळ आल्यावर तू म्हणालास, "त्याच्या दुकानातला पंखा मस्त होता पण." एक चांगली गोष्ट सांगायची तुझी सवय तेव्हाची.

सोसायटीतली टाकीची मीटिंगही इथेच लिहून ठेवतो. वरच्या पाण्याच्या टाकीचे दोन भाग करावेत असं मी सात पानांचं टिपण केलं होतं, आकडे, आकृती, खर्च, सगळं. सभेला एकोणचाळीस सभासद हजर. सेक्रेटरींनी बाजूने हात वर करायला सांगितलं. दोन हात वर गेले. एक माझा आणि एक तुझा, आणि तुझा माझ्या आधी. सदतीस विरुद्ध दोन. जिन्यात लोक हसत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. एका तरी माणसाने सातही पानं वाचून मत बनवलं, याचं मला समाधान होतं. पुढे दोन महिन्यांनी माझ्याच लक्षात आलं की मी टाकीची लांबी फुटात धरली होती आणि खोली मीटरमध्ये. सदतीस जणांचं बरोबर होतं. ही चूक मी कुणाला सांगितली नाही, तुलाही नाही. उलट तुझ्यावर मनातून थोडा चिडलो होतो, की सगळं वाचलंस आणि एवढं कसं दिसलं नाही? तुला आज सांगतोय.

नऊ नोव्हेंबरच्या रविवारी तुला जरा थकवा वाटत होता, म्हणून आपण चारलाच उठलो. मी दारात चपला घालत होतो. तू सोफ्यावरूनच म्हणालास, "पक्या, पुढच्या रविवारी क्रिकेट काढू. तुझं एक बाकी आहे." मी म्हटलं, बाकी नाही, ते बुडीत खातं आहे. तू हात हलवलास. सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

तर परवा. टीव्हीखालचा कप्पा वहिनींना शिलाई मशीनसाठी हवा होता, आणि डिस्क धूळ खाण्यापेक्षा कुणीतरी खेळलेल्या बऱ्या, असं त्यांनीच मला म्हटलं. जिग्नेशभाई स्कूटरवरून आले. बावीस डिस्कना सरसकट एकशेवीस रुपये म्हणाले आणि क्रिकेटला वीस. जुन्या मशीनची आहे साहेब, आणि ही कोणीच घेत नाही, नऊ माझ्याकडेच पडून आहेत. मी मान डोलावली आणि तेविसावी डबी त्यांच्या पिशवीत टाकायला गेलो.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिची चिठ्ठी?"

मला वाटलं होतं, स्वयंपाकघरात इतकी वर्षं त्यांना फक्त आवाज ऐकू जायचा. नियम त्यांना माझ्यापेक्षा पक्के पाठ होते. म्हणाल्या, हे जाता जाता म्हणून गेले की तुमचं एक बाकी आहे, ते बाकी ठेवून डिस्क घराबाहेर जायची नाही.

जिग्नेशभाई घड्याळ बघत होते. मी पेन काढलं आणि खालच्या ओळीवर लिहिलं, 'डबीवरचं चित्र चांगलं आहे.' वहिनींनी चिठ्ठी घेतली, वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "खरं?"

चित्रात फलंदाजाच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. आपण दोघांनी मोजली होती. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझी ओळ एकदाच खोडली, नीट, पट्टीने खोडावी तशी, आणि चिठ्ठी मला परत दिली. खोटं लिहिलं मी, अव्या. नियम मी जोडलेला आणि पहिल्यांदा मोडला तोही मीच. तू असतास तर वर्षभर ऐकवलं असतंस.

जिग्नेशभाई बावीस डिस्क घेऊन, दोन हजार सहाशे चाळीस रुपये मोजून देऊन गेले. वहिनींनी टीव्ही लावला. मशीन सुरू केलं आणि तुझा रिमोट माझ्या हातात दिला, डावीकडचं बटण चिकटतं तो. स्वतः मेथीची जुडी घेऊन तुझ्या जागी बसल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच आपला गेम बघायला बसल्या होत्या.

कावळा ओरडला. वहिनी म्हणाल्या, हाच का तो कावळा. पहिल्या षटकात मी चार धावा काढल्या. दुसऱ्या षटकात चेंडू सरळ फिल्डरकडे मारला, चुकून एक पाऊल पुढे टाकलं, आणि समोरचा सुटला. रनआउट. वहिनींचा हात मेथीत थांबला.

"तो का पळाला?"

"मी पळालो म्हणून."

"चेंडू नाही बघितला त्याने?"

"तो बघतच नाही, वहिनी. तेच तर गेली अकरा वर्षं सांगतोय मी ह्याला."

त्या थोडा वेळ पानं खुडत राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, "त्या टाकीच्या मीटिंगला ह्यांनी असाच हात वर केला होता. घरी आल्यावर मला विचारतात, अगं, पक्या टाकीचं नक्की काय म्हणत होता गं?"

मी रिमोट मांडीवर ठेवला. विचारलं, ती सात पानं? वहिनी म्हणाल्या, ती तर माझ्याकडे होती, शेंगदाणे भाजून त्यावर पसरले होते मी.

पडद्यावर पुढचा फलंदाज येऊन उभा राहिला होता. समोरच्या टोकाला त्याचा जोडीदार बॅट टेकवून, एक पाय क्रीजबाहेर काढून तयार. मी काही केलं नाही तर तोही काही करत नाही. माझ्या चिडण्याच्या गडबडीत हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो चेंडूकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

त्यानंतर मी आणखी सहा षटकं खेळलो. पाच रनआउट झाले. एका सामन्यात इतके आपल्याला क्वचितच झाले असतील. प्रत्येक वेळी वहिनी "गेला" म्हणायच्या आणि मी हसायचो. साडेचारला, ठरलेल्या वेळेला, मशीन बंद केलं. मनाला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटणं शोभतं का असंही वाटून गेलं, पण वहिनींच्या चेहऱ्यावरही तेच होतं, म्हणून ते मनातून काढून टाकलं. त्यांनी चहा टाकला.

चिठ्ठी टेबलावर होती. तुझ्या ओळीखाली, खोडलेल्या ओळीच्या शेजारी, मी लिहिलं: 'मी पळालो की समोरचा पळतो.' वहिनींना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि या वेळी खरं का, असं विचारलं नाही.

गेम वाईटच आहे, हे मात्र मी मागे घेत नाही. एकशे त्रेसष्टचे आता एकशे एकोणसत्तर झाले. सामने बेचाळीस. सरासरी चारच्या वर गेली.

नियमाप्रमाणे ती डिस्क आता विकता येते. पण ती मी ठेवून घेतली. मशीन वहिनींनीच मला न्यायला सांगितलं आहे. पुढच्या रविवारी दोन वाजता या, पण जेवून येऊ नका, असंही म्हणाल्या आहेत. मग मशीन न्यायचं कधी, असं विचारल्यावर म्हणाल्या, बघू.

हिशेब असा. बावीस डिस्कचे दोन हजार सहाशे चाळीस, त्यातला तुझा अर्धा वाटा एक हजार तीनशे वीस, वहिनींना दिला. तेविसाव्या डिस्कचा भाव वीस, अर्धे दहा. क्रिकेटच्या गेमचे तुझे जास्तीचे पन्नास पैसे माझ्याकडे होते, ते धरून साडेदहा. पन्नास पैशांचं नाणं आता कुणाकडेच नसतं, म्हणून वहिनींच्या हातावर अकरा रुपये ठेवले. त्यांनी ते घेतले. पन्नास पैसे जास्त गेले, अव्या. ते राहू देत तुझ्याकडे.